रोममधली घागर

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वांगी भाजली. पौष महिना होता. घरामागच्या खळ्यात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवल्या आणि त्यावर भरताची हिरवी वांगी टाकली. मी उलटायची आणि तिनं नावं ठेवायची, अशी आमच्यात लग्नापासूनची वाटणी.

"आवो, ते फुटनं दखा. लक्ष कोठे शे तुमनं?"

"तुन्हाकडेच शे."

"माले काय दखतस? वांगं दखा."

तेवढ्यात लेकीचा फोन आला, तोंड दिसतं तो. लेक आमची एकुलती एक. लग्न होऊन बरीच वर्षं झालीत. आधी नाशकात होती, आता जावयाच्या कंपनीनं त्यांना रोमला नेलंय. ती म्हणे, उन्हाळ्यात दोघंही या, पासपोर्ट काय पेटीत ठेवायला काढलेत का? ही फोनमध्ये तोंड खुपसून म्हणाली, "येसूत वं माय. पन मन्हं पानी कसं लई येऊ, तेवढं सांग."

लेक हसली. पण मला ते हसणं माहीत होतं. दात दिसले, डोळे नाही.

हे पाणी बरोबर न्यायचं काय ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. लेक दिली म्हणजे दिली, तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, तिला मूलबाळ होईपर्यंत तर नाहीच. मी असल्या गोष्टी मानत नाही. लेकीच्या घरी पहिल्या खेपेलाच दोन कप चहा पिऊन मोकळा झालो. पण हिचा नेम कडक. नाशकाला जाताना भाकरीचं फडकं आणि पाण्याचा कॅन घेऊन एसटीत चढायची. पाणी संपलं की शेजारणीकडं जाऊन प्यायची. शेजारीण चहा द्यायची, ही बशीत ओतून फुर्रफुर्र प्यायची आणि परत येऊन लेकीला सांगायची, काय चहा करते गं तुझी शेजारीण! लेक भांडी जोरात आदळायची. लेकीला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले. त्यामुळं हिचा नेमही सुटला नाही. आईला लेकीचा राग नव्हता, उलट जीव टाकायची. पण नेम म्हणजे नेम. आणि प्रत्येक वेळी तो कॅन दारातून आत आला की लेकीला काय वाटत असेल ते तिनं तोंडानं कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी जावई फोनवर म्हणाला, मामी, विमानात बाटली नेऊ देत नाहीत. ही म्हणाली, मग मी तुमच्या गावातल्या विहिरीवर जाऊन पिईन. रोमला विहीर असेलच की, एवढं जुनं गाव आहे म्हणता! आम्ही सगळे हसलो. मग वांगी सोलली, लाकडाच्या बडगीत मिरच्या-लसणाबरोबर कुटली, कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ली. तिनं मला कांदा फोडून दिला. बस, एवढंच. त्यानंतर दोनेक दिवसांनी तिच्या छातीत दुखलं. धुळ्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्यावर आलंय त्यांना माहीत आहे, ज्यांच्यावर आलं नाही त्यांना सांगून काय करायचं?

चैत्रात लेक स्वतः आली आणि मला घेऊन गेली. मी नको म्हणत होतो. एखादा बोकड दावं तोडून पळावा तसं माझं झालं होतं, घरात पाय ठरत नव्हता आणि बाहेर कुठं जायचं नव्हतं. भाऊ म्हणाला, जा, तिचा पासपोर्ट फुकट गेला, तुझा तरी नको जाऊ देऊ. भाऊ माझा धाकटा आहे, पण बोलतो थोरल्यासारखं.

रोमबद्दल लोक विचारतात, कसं आहे? मी सांगतो, पडकं आहे. खरंच सांगतो. गावाच्या मधोमध मैलभर पडझड. खांब उभे आहेत तर छप्पर नाही, दार आहे तर घर नाही. आणि ते बघायला जगभरातून माणसं उन्हात रांग लावून उभी. मी जावयाला म्हटलं, आमच्याकडं अशी भिंत पडली तर ग्रामपंचायत नोटीस देते. जावई हसला. माणूस चांगला आहे, सासऱ्याच्या प्रत्येक वाक्याला हसतो. पण हळूहळू मला ते गाव आवडायला लागलं. कारण तिथले लोक त्या पडक्याच्या कडेनंच जगतात. भाजी आणतात, भांडतात, वाळत घातलेली चादर दोन हजार वर्षांच्या भिंतीवर फडफडते. पडलेलं उचलून नेत नाहीत आणि त्याच्यासाठी रडतही बसत नाहीत. बायको गेलेल्या माणसाला असं गाव बरं वाटतं.

एक गोल देऊळ आहे, मोठ्या घुमटाचं. घुमटाला वर मधोमध भोक. मी म्हटलं, हे तर आपल्या धाब्याच्या घराच्या छतातलं साणं! लेक म्हणाली, हो आबा, पाऊस आला की आत पडतो. मग खाली बघितलं, तर फरशीला पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली. ज्यानं बांधलं त्याला पावसाची समज होती. तिथं शिरताना मी सवयीनं बाहेर बूट काढले आणि अनवाणी आत गेलो. आत गार संगमरवर. मोठ्यानं बोलू नका, असं सांगायला एक गणवेशातला माणूस होता, तो माझ्या पायांकडं बघून काहीतरी बोलला. लेक लाजून म्हणाली, "आबा, इथं काढत नाहीत." मी म्हटलं, "देव आहे ना आत? मग त्याचं त्याला, माझं मला." बाहेर आलो तर बूट होते तिथंच होते. आपल्याकडं एवढ्या गर्दीच्या देवळासमोर राहिले असते का? तेवढं त्या गावाचं मोठेपण मला मान्य आहे.

पण मला खरा धक्का बसला तो पाण्याचा. तिथं रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, कमरेएवढे उंच, आणि त्यांना तोटीच नाही. पाणी चोवीस तास वाहतं. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही आला की गल्लीत आरडाओरडा होतो. पहिला नळ बघितला तेव्हा मी धावत जाऊन त्याला हातानं दाबलं. कुणीतरी चालू ठेवून गेलं असं मला वाटलं. फिरवायला काही सापडेना. तोंडाला बोट लावलं तर वरच्या बारक्या भोकातून कारंजं उडालं आणि माझा सदरा छातीपर्यंत भिजला. जावई पोट धरून हसला. "मामा, ते असंच प्यायचं असतं! बोट लावायचं, वरून धार येते." मी विचारलं, तोटी का नाही बसवत? तो म्हणाला, वाहतं असलं की पाणी सडत नाही, डोंगरातून येतं. प्यायलो. गार, गोड. पहिला विचार आला तो तिचाच. हे पाणी लेकीचं नाही, जावयाचं नाही, सरकारचंही नाही म्हणायचं. ही इथं बसून खुशाल प्यायली असती. कॅनचं लचांडच नको.

आणि मग आखाजी जवळ आली.

देशावरचे लोक अक्षय तृतीया म्हणतात, आमची ती आखाजी. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यात पाणी, वर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आणि आंबा. ती माणसं त्या दिवशी येतात आणि पाणी पिऊन जातात, असं मानतात. बायको गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. तिची पहिली घागर.

भावाचा फोन आला. "घागर मी भरस. तू काळजी करू नको."

मी म्हटलं, "बायको माझी, घागर मी भरणार."

"आरे पन विमानमा बशीसन येई का ती तठे?"

"मरेल मानूसले तिकीट लागस का?"

तो म्हणाला, "बरं. तू तठे भर, मी आठे भी भरस. कोठे भी येवो बिचारी." आणि त्यानं फोन ठेवला.

घागर कुठं शोधायची? शनिवारी बाजारात गेलो. तिथं मातीची भांडी भरपूर, पण सगळी झाडं लावायची, बुडाला भोक असलेली. एका म्हातारीकडं लाल मातीची सुरई मिळाली, दोन कानांची, पोट आमच्या घागरीसारखं. लेकीनं विचारलं तर म्हातारी म्हणाली, दारू ठेवायची आहे.

जावई मला म्हणाला, "मामा, चालेल का?"

मी म्हटलं, "नवी आहे ना? अजून प्यायलेली नाही ना ती? मग चालेल."

डांगर तिथं आपल्यासारखंच मिळतं, वास तर आपल्यापेक्षा बरा. आंबा बांगलादेशी माणसाच्या दुकानात मिळाला. त्याच्याशी मी हिंदीत बोललो. तो म्हणाला, चाचा, किसके लिए? मी म्हटलं, बीवी के लिए. त्यानं चार आंबे हुंगून त्यातला एक निवडून दिला. बीवी कुठं आहे ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी लेक स्वयंपाकघरात सुरई धूत होती. धुऊन झाल्यावर सहज म्हणाली, "आबा, उद्या घागर मी भरू का? नळाचं पाणी चांगलं आहे, गाळायचीही गरज नाही."

मी जे बोललो ते माझ्या जिभेच्या सवयीनं सरळ बोललो. "तुझ्या नळाचं नको. मी खालून रस्त्यावरच्या नळाचं आणतो."

तिनं सुरई खाली ठेवली. "का?"

"का ते तुला माहीत आहे."

"नाही माहीत. तुम्ही सांगा."

"तुझ्या मायचा नेम होता."

"नेम होता," ती म्हणाली. "मला मूल नाही म्हणून होता. मग शेजारच्या आजीकडून आणता का? शेजारणीचं तिला चालायचं ना!"

शेजारी खरंच एक म्हातारी राहते, आणि खरंच तिच्याकडून आणलं असतं तर चाललं असतं. तेच तर वाईट होतं.

मी म्हटलं, "अगं, आयुष्यभर पाळलं तिनं. मेल्यावर मी कोण मोडणारा?"

"मेल्यावर तरी मोडू द्या ना तिला," लेक म्हणाली. "जिवंतपणी लोक बघत होते म्हणून पाळला असेल. आता कोण बघतंय?" मग तिनं पदर नसल्यामुळं बाहीनं डोळे पुसले आणि दुसऱ्या खोलीत गेली. जावई माझ्याकडं बघत उभा राहिला. त्या वेळी तो हसला नाही.

मी दोन्हीकडून अडकलो. हिचं ऐकावं तर लेक दुखावते, लेकीचं ऐकावं तर ही तहानलेली परत जाईल. आणि तिला तहान फार लागायची. शेतातून आली की तांब्या उभ्यानं रिकामा करायची. मी म्हणायचो, बस आधी, ती म्हणायची, बसून पाणी गोड लागतं का?

आखाजीच्या सकाळी मी सुरई घेऊन खाली गेलो आणि रस्त्यावरच्या नळाचंच पाणी भरलं. माझ्यात तेवढीच हिंमत होती. एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती, तिनं कुत्र्याला बाजूला घेऊन मला जागा दिली. सुरई वर आणली, गव्हाच्या राशीवर ठेवली. कुंकवाचं बोट ओढलं, गळ्याला सुती दोरा बांधला, वर डांगर आणि आंबा. लेक पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. माझ्याशी बोलली नाही, पण स्वयंपाकात काही कमी केलं नाही. सांजोरी अशी केली होती की तिच्या आईनंही नाव ठेवलं नसतं. म्हणजे ठेवलं असतं, पण खाऊन झाल्यावर.

दुपारी आगारी टाकायची, म्हणजे निखाऱ्यावर तूप आणि घास सोडायचा. जावयानं मांस भाजायची शेगडी खरवडून, धुऊन गॅलरीत ठेवली होती. त्यात कोळसे पेटवले. तूप पडलं आणि धूर असा निघाला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि कुणीतरी नाक सुरसुरत काहीतरी विचारलं. लेक वर बघून त्यांच्या भाषेत बोलली. मी विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं, माझी आई जेवायला आली आहे." सकाळपासून तेवढंच ती माझ्याशी बोलली.

मग गॅलरीच्या कठड्यावर घास ठेवला. तिथले कावळे आपल्यासारखे पूर्ण काळे नाहीत. अंगावर राखाडी बंडी आणि डोकं काळं. असा एक बंडीवाला येऊन बसला. आमच्याकडं कावळा आधी भात उचलतो का पोळी, ते बघून बाया तर्क करतात. यानं सगळ्यावरून चोच फिरवली आणि सांजोरी उचलली. तिथंच बसून खाल्ली. निम्मी खाली पडली तर खाली उतरून तीही खाल्ली.

आम्ही जेवायला बसलो. मी सांजोरी मोडली आणि माझा हात थांबला. सांजोरीचा शिरा कशात शिजला? पोळीची कणीक कशात भिजवली? पुरणाची डाळ? सगळं याच घरच्या नळाच्या पाण्यात. मी मोठ्या हुशारीनं रस्त्यावरून एक घागर आणली आणि बाकी सगळं जेवण लेकीच्या पाण्यातलं वाढलं. आणि ती येऊन ते खाऊनही गेली. नको म्हणाली नाही. मला हसू आलं. लेकीनं मान वर केली. मी म्हटलं, "छान झाली गं सांजोरी." ती म्हणाली, "हं." जेवण पुढं चालू झालं.

दुपारभर मी पलंगावर पडून बायकोशी मनात भांडलो. म्हटलं, आयुष्यभर कॅन वाहायला लावलास, मी एसटीत तो मांडीवर धरून बसायचो, मांडी ओली व्हायची. आणि इथं येऊन गुपचूप जेवून गेलीस. ती काही बोलली नाही. पण ती गप्प राहायची तेव्हा तिला माझं म्हणणं मान्य असायचं, हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. डांगर आणि आंबा उतरवून ताटात ठेवला. सुरईतलं कालचं पाणी गॅलरीतल्या तुळशीसारख्या दिसणाऱ्या झाडाला घातलं. ते लोक त्याची पानं जेवणात टाकतात. मग सुरई घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि लेकीच्या नळाखाली धरली. तिकडचा नळ कसा फिरवायचा ते मला नीट जमत नाही, एकदा गरम येतं, एकदा धारच बारीक येते. तेवढ्यात लेक उठून आली. विस्कटलेले केस, हातात फोन. दारातच उभी राहिली.

"आबा, काय करताय?"

"तुझ्या मायची घागर भरतोय," मी म्हटलं. "ये, जरा नळ मोठा सोड. गरम नको, गार."

तिनं फोन ओट्यावर ठेवला आणि नळ सोडला. मी सुरईचा एक कान धरला होता, तिनं दुसरा धरला. भरल्यावर ती चांगलीच जड झाली होती. आम्ही दोघांनी ती उचलून परत गव्हाच्या राशीवर नेऊन ठेवली. मग लेकीनं चहा ठेवला आणि मी भावाला फोन लावून सांगितलं, की इथलंही पाणी तिला चाललं.